विश्रांतीचे दोन वार

कार्तिक सरत आला की आमच्या भिलाईच्या सेक्टर दहाच्या रस्त्यांवर माणसं चालायला निघतात. उन्हाळ्यात इथे पहाटे पाचलाच घाम फुटतो, पावसाळ्यात रस्त्याच्या कडा शेवाळलेल्या असतात. पण थंडी पडली, पोलादाच्या प्लांटच्या बाजूचं आकाश धुक्यातून तांबूस दिसायला लागलं, की मफलर आणि माकडटोप्या बाहेर येतात. नवरे पुढे, बायका चार पावलं मागे. कुणाची साखर वाढलेली, कुणाला डॉक्टरनं दम दिलेला. मी क्वार्टरच्या पायरीवर चहा घेऊन बसते आणि त्यांच्या चाली बघते. कोण टाच आधी टेकवतं, कोण पाय फरफटत नेतं, कुणाचा उजवा खांदा पडलाय. सवय जात नाही.

परवा शेजारच्या क्वार्टरमध्ये नव्यानं राहायला आलेल्या बाई फाटकाशी थांबल्या. म्हणाल्या, "भाभीजी, आप भी आया करो ना. चलना सेहत के लिए बहुत अच्छा होता है."

मी म्हटलं, "हां, आऊंगी."

त्या गेल्यावर मला हसू आलं आणि मग आलं नाही. सव्वीस वर्षं मी चालले होते. मैदानावर, रस्त्यावर, छातीला नंबर लावून. चालण्याच्या शर्यतीत.

अशी शर्यत असते हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. नियम दोनच. एक पाय कायम जमिनीवर पाहिजे. आणि पुढचा पाय टेकला की तो शरीराच्या खाली येईपर्यंत गुडघा वाकता कामा नये. हे पाळून जोरात चालायचं म्हटलं की कंबर आपोआप डावी-उजवीकडे फिरते. त्या फिरणाऱ्या कमरेवर आम्ही किती हसू ऐकलं असेल! विशेषतः आम्ही बायकांनी. आमचे सर म्हणायचे, "धावणाऱ्याला उडायची मुभा आहे. तुम्हाला नाही. तुम्ही जमीन सोडली की संपलात." त्या वयात हे वाक्य मला फार आवडायचं. आता सर नाहीत.

इंदूताई मला याच चालण्यात भेटली. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. भंडाऱ्याकडच्या शेतकऱ्याची मुलगी, लग्न होऊन भिलाईला आलेली; नवरा गेल्यावर त्याच्या जागी प्लांटच्या स्टोअरमध्ये लागली आणि सेक्टर दोनमध्ये एकटी राहू लागली. उंच, काळीसावळी, हाताचे पंजे पुरुषासारखे. हिवाळ्यात नवऱ्याचा निळा स्वेटर घालून मैदानावर यायची, बाह्या दोनदा दुमडून. मी तेव्हा शाळेत नुकतीच खेळाची शिक्षिका झाले होते. पहिल्याच दिवशी माझ्या बाजूनं तीन फेऱ्या चालून ती म्हणाली, "पोरी, तू चालून नाही राहिली, पळून राहिली. पाय उचलते तुया." आणि तिनं मला जमिनीवर आणलं. पुढे आम्ही दोघी मिळून किती शर्यती चाललो, ते मोजलं नाही. लोक हसले की ती मान न वळवता म्हणायची, "हासू दे. त्याईले कोठी जायचं नाही."

आज मला आठवतोय तो चार वर्षांपूर्वीचा हिवाळा. मी अठ्ठेचाळीस, ती छपन्न. माघात बिलासपूरला ज्येष्ठांच्या राज्य स्पर्धा होत्या आणि पाच किलोमीटरच्या चालीत आम्ही दोघींनी नाव दिलं होतं. तसं आम्ही दर एक-दोन वर्षांनी देत होतो. पण त्या साली दोघींनाही, एकमेकींना न सांगता, एक गोष्ट कळलेली होती. यानंतर पुन्हा नाही.

माझं शरीर त्या वर्षी मला विचारेनासं झालं होतं. पाळी चार-चार महिने यायची नाही. रात्री अंग पेटल्यासारखं व्हायचं, मी ऐन डिसेंबरात पांघरूण फेकून बसायची आणि सकाळी शिळ्या अंगानं उठायची. पूर्वी सोमवारी कसून चाललं की मंगळवारी पाय दुखायचे आणि बुधवारी तेच पाय जास्त मजबूत व्हायचे. हा हिशेब मला इतका पाठ होता की मी त्याला निसर्ग समजत होते. आता मंगळवारी दुखायचं, बुधवारी दुखायचं, गुरुवारीही दुखायचं आणि मजबूत काही व्हायचं नाही.

इंदूताईनं देवदिवाळीच्या दुसऱ्या दिवशी मला घरी बोलावलं. स्वयंपाकघरात कॅलेंडरचं एक जुनं पान उलटं करून ओट्यावर पसरलं आणि त्यावर आठवडा आखला. सोमवारी वेग, बुधवारी चढ, गुरुवारी तंत्र, शनिवारी हलकं, रविवारी उतई गावापर्यंत लांब चाल. मंगळवार आणि शुक्रवार तिनं मोकळे सोडले.

"दोन दिवस?" मी म्हटलं. "ताई, आधी एकच असायचा."

"आधी तू पंचवीसची होती. आता त्या दोन दिवसात काई म्हणजे काईच नाही करायचं. शाळेत पोट्ट्याईले शिकवशील तं शिट्टी वाजवून शिकव. दुपारी झोपायचं. कोमट पाण्यात मीठ टाकून पाय सोडून बसायचं."

"आणि त्यानं काय होईल?"

ती म्हणाली, "माया बाप एक बांधी दरसाल पडीक ठेवे. लोक म्हणत, येडा आहे. पण दुसऱ्या साली त्याच बांधीत धान कमरेएवढा ये."

मी मान डोलावली. पण मनात आलं, पडीक ठेवायला पुढची सालं हातात लागतात. ज्याच्याकडे एकच पेरणी उरली आहे त्यानं शेत कशाला पडीक टाकायचं? हे मी तिला बोलले नाही. बोलायला हवं होतं. ती भांडली असती, मी भांडले असते, आणि काहीतरी खरं आमच्यामध्ये पडलं असतं.

विश्रांतीवर माझा विश्वास नव्हता त्याला आणखी एक कारण होतं. माझे बाबा रेल्वेत कीमॅन होते. गोंदियाकडून आलेले. रोज सकाळी खांद्यावर हातोडा घेऊन आपल्या वाट्याचा रूळ चालत तपासायचा, सैल झालेली चावी ठोकून बसवायची, आणि परत यायचं. पस्तीस वर्षं. त्यांच्या पोटऱ्या सागाच्या लाकडासारख्या होत्या. रिटायर झाल्यावर आई म्हणाली, आता बसा. ते बसले. सहा महिन्यांत त्या पोटऱ्या सुटल्या, वर्षभरात त्यांना संडासापर्यंत धरून न्यावं लागलं. शेवटी शेवटी ते स्वतःच्या पायांकडे असे बघायचे, जणू कुणीतरी आणून ठेवलेत. मी तेव्हा पंधरा दिवसांतून एकदा जायची. एकदा मला म्हणाले, "नलू, मी बसलो अन् मंग मले उठताच नाही आलं वो." त्या वाक्याची भीती माझ्या हाडात होती. मंगळवार आला की ती बाहेर यायची.

पहिला मंगळवार मी पाळला. दुपारी पलंगावर पडून छताकडे बघत राहिले. मांड्यांमधून काहीतरी गळून जातंय असं वाटत होतं. शुक्रवारी मी शाळेत तासभर आधी गेले आणि मागच्या मैदानावर, कुणी नसताना, चारशे मीटरच्या सहा फेऱ्या वेगात मारल्या. घाम आला तेव्हा कुठे जीव शांत झाला. त्यानंतरचे सगळे मंगळवार, सगळे शुक्रवार तसेच गेले.

इंदूताईचा नियम होता, सकाळी उठल्या उठल्या पलंगावरच नाडी मोजायची. शरीराला पुरेशी विश्रांती मिळाली की नाही ते नाडी सांगते. मग ती सहा वाजता फोन करायची.

"किती?"

"बासष्ट."

"मस्त. माई अडुसष्ट."

माझी बासष्ट नव्हती. चौऱ्याहत्तर होती; एकदा अठ्ठ्याहत्तर. मी पहिल्यांदा खोटं बोलले ते सहज, भांडण टाळायला. दुसऱ्यांदा पहिलं खोटं सांभाळायला. पुढे सवय झाली. रोज सकाळी मनगटावर तीन बोटं ठेवून मी खरा आकडा मोजायची, आणि फोन वाजला की दुसराच सांगायची. नवरा बाजूला झोपलेला असायचा. त्याला एवढंच कळत होतं की बायको आजकाल रोज लवकर जाते.

रविवार मात्र खरे होते. उतईचा रस्ता त्या दिवसांत धानाच्या वासानं भरलेला असायचा. कापणी होऊन गेलेली, शेतात खुंट उभे, त्यांच्यामधून लाखोळीच्या डाळीची हिरवी पोरं डोकं वर काढायची. पोत्यांनी लादलेले ट्रॅक्टर समोरून यायचे आणि त्यांच्या मागे भुशाची पिवळी धूळ बराच वेळ तरंगत राहायची. आम्ही उजाडता उजाडता निघायचो. पहिले दोन किलोमीटर कुणी बोलायचं नाही. नुसता चपट्या बुटांचा आवाज, टक-टक, टक-टक, दोघींचा मिळून एक. मला जगात तो आवाज सगळ्यात आवडायचा. 

एकदा एका ट्रॅक्टरवाल्यानं आमच्या चालीची नक्कल केली, सीटवर बसल्या बसल्या कंबर हलवली. इंदूताईनं चाल न मोडता त्याला छत्तीसगढीत सुनावलं, "तोर दाई ला ले आबे बेटा, ओला घलो सिखा देहूं!" तुझ्या आईला घेऊन ये, तिलाही शिकवते. तो इतका ओशाळला की पोतं घसरलंय हेही त्याला दिसलं नाही. आम्ही पुढचा अर्धा किलोमीटर हसत चाललो, आणि हसताना चालीचा ताल चुकला म्हणून पुन्हा हसलो.

उतईला चौकात गरम भजी आणि चहा मिळायचा. तिथे बाकावर बसताना डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी मला पहिल्यांदा ते जाणवलं. डाव्या जांघेत, खोल, बोटानं दाबून सापडणार नाही असं एक दुखणं. चालताना नव्हतं, बसताना होतं. मी चहाचा कप हातात घेऊन उभीच राहिले.

"बस ना," ती म्हणाली.

"नको, पाय आखडतील."

तिनं भज्याचा तुकडा मोडला आणि खाल्ला नाही. म्हणाली, "नले, एक सांगू? मी उतरून राहिली. सगळं बरोबर करून राहिली, दोन दोन दिवस पडून राहते, तरी दर हप्त्यात मागं जाऊन राहिली. तुई नाडी बासष्ट, अन् माई अडुसष्टच्या खाली येत नाही. मले वाटते, मायातच काई बिघडलं असन."

तो क्षण मी पुष्कळ वेळा आठवून पाहिला आहे. चौकात कोंबडे ओरडत होते, भजीवाल्याच्या कढईतून धूर येत होता, आणि माझ्या खोट्या आकड्यानं माझ्या एकुलत्या एक मैत्रिणीला एकटं पाडलं होतं. सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. दोघींचंही उतरतंय ताई, तुझं एकटीचं नाही. तेवढ्यानं तिचं काहीतरी हलकं झालं असतं. मी म्हणाले, "होईल ठीक. थंडी आहे ना." आणि परतीच्या वाटेवर तिच्यापेक्षा पन्नास पावलं पुढे चालले.

दुखणं वाढत गेलं. आधी बसताना, मग जिन्यावर, मग रात्री कूस बदलताना. मी कुणाला सांगितलं नाही. खेळाडूला दुखण्याशी बोलता येतं असा एक गर्व असतो. हे दुखणं स्नायूचं, हे सांध्याचं, हे नुसतं कंटाळ्याचं. पण ती भाषा तरुणपणीच्या शरीराची होती. या वयात शरीर दुसऱ्याच भाषेत बोलत होतं आणि मी जुन्या शब्दकोशातून अर्थ लावत होते.

संक्रांत त्या वर्षी शुक्रवारी आली. सहाचा फोन झाल्यावर साडेसहालाच मी शाळेच्या मैदानावर होते. धुकं इतकं की गोलपोस्ट दिसत नव्हता. चौथी फेरी संपवून वळले तर कडेला कुणीतरी उभं. निळा स्वेटर. हातात स्टीलचा डबा.

ती कामावर जाण्याआधी तिळाचे लाडू द्यायला माझ्या घरी गेली होती. नवऱ्यानं दार उघडलं आणि सरळपणे सांगितलं, "ती तं शाळेत गेली. रोजच जाते ना सकाळी." तिनं सायकल शाळेकडे वळवली.

मी तिच्यापुढे येऊन थांबले. श्वास लागलेला, तोंडातून वाफ. तिनं पुढे होऊन माझं मनगट धरलं. मला वाटलं हात पकडतेय. ती नाडी मोजत होती. मोजून झाल्यावर हात सोडला.

"मले खोटं कावून सांगत होती?"

"तू थांबवलं असतं."

"हो. थांबवलं असतं." तिनं डबा छातीशी धरला. "मी दोन महिन्यांपासून सकाळी उठून रडून राहिली नले. तुया बासष्टपायी. मले वाटे, ही पोरगी चढून राहिली अन् मी मरून राहिली."

मी म्हटलं, "ताई, जांघेत दुखते."

"किती दिवसांपासून?"

"उतईपासून."

ती रागावेल असं वाटलं. तिनं डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "फोटो काढून घे हाडाचा. आजच." मग सायकलवर बसली. धुक्यात दहा पावलांत दिसेनाशी झाली.

मी फोटो काढला नाही. स्पर्धा तीन आठवड्यांवर होती. फोटोत काही निघालं तर जाता आलं नसतं, आणि काही निघणार हे मला माहीत होतं. मी फक्त मंगळवार-शुक्रवारचं जाणं बंद केलं. तेही तिच्या धाकानं. सहा वाजता फोन यायचा नाही. मी तरी नाडी मोजायची. खरा आकडा ऐकणारं कुणी नव्हतं.

बिलासपूरला आम्ही एकाच गाडीनं गेलो. समोरासमोर बसलो. तिनं डब्यातली ज्वारीची भाकरी अर्धी मला दिली. दुखण्याबद्दल एकदाच विचारलं, "फोटो?" मी मान हलवली. ती खिडकीबाहेर बघू लागली.

मातीचा ट्रॅक, चुन्याच्या ताज्या रेषा, साडेबारा फेऱ्या. बायका सगळ्या मिळून नऊ होतो, वयोगट वेगळे पण शर्यत एकत्र. पहिल्या सहा फेऱ्या मी सुंदर चालले. हे सांगायलाच हवं. पाठ सरळ, हात छातीशी, कंबर तेल घातल्यासारखी फिरत होती. त्या सहा फेऱ्यांत मला कुठलंच वय नव्हतं. सातव्या फेरीत जांघेतलं दुखणं जागं झालं, आठवीत ते खाली गुडघ्यापर्यंत उतरलं. नवव्या फेरीला पंचानं पिवळी पाटी दाखवली: गुडघा वाकतोय. मला माहीत होतं वाकतोय. पाय माझं वजन घ्यायलाच तयार नव्हता. दहाव्या फेरीच्या वळणावर मुख्य पंच पुढे आला आणि त्यानं लाल पाटी धरली. सव्वीस वर्षांत मी बाद झाले नव्हते.

मी बाजूच्या गवतावर पाय टाकला. आत काहीतरी कट्‌ झालं. आवाज मला कानानं नाही, दातांत ऐकू आला. मी पडले.

इंदूताई माझ्यामागे फेरीभराच्या अंतरानं होती. ती वळणावर आली तेव्हा दोन स्वयंसेवक माझ्याकडे धावत होते. तिची चाल क्षणभर अडखळली. मी ओरडले, "जा! जा ताई!" तिनं माझ्याकडे बघितलं, आणि गेली. मी गवतावर आडवी, गाल मातीला टेकलेला, आणि तिथून मला फक्त तिचे पाय दिसत होते. टाच, चवडा, टाच, चवडा. जमीन एकदाही सुटली नाही. दर फेरीला ती आली, दर फेरीला ती पाहून गेली. स्ट्रेचर यायला उशीर झाला, ते मला बरंच वाटलं.

शर्यत संपवून ती माझ्याजवळ येऊन बसली, पाय पसरून, घामानं निथळत.

"किती?" मी विचारलं.

"मागच्या टायमापेक्षा अडीच मिनिटं जास्त."

"एवढी विश्रांती घेऊन?"

"हो. घेऊन."

तिच्या वयोगटात दोघीच होत्या, म्हणून तिला रुपेरी पदक मिळालं. तिनं ते पिशवीत कांदा टाकावा तसं टाकलं.

माझ्या खुब्याच्या हाडाची मान तुटली होती. तरुण डॉक्टरनं फोटो उजेडासमोर धरून विचारलं, "पहले से दर्द नहीं था?"

"था."

"कब से?"

मी सांगितलं. तो म्हणाला, "हड्डी तो रोज़ भरती है, माताजी. आपने भरने नहीं दी." माताजी! मला सगळ्यात जास्त तेच लागलं. तीन स्क्रू बसवले. हाड जुळलं, पण डावा पाय उजव्यापेक्षा थोडा आखूड झाला. रस्त्यानं जाताना लोकांच्या लक्षात येतं. आता कुणी हसत नाही.

इथपर्यंतची गोष्ट सांगितली की ऐकणारा समाधानानं मान हलवतो. बघा, वयाप्रमाणे विश्रांती घेतली असती तर. मुलगी रायपूरहून फोनवर हेच म्हणाली होती, "मम्मी, बॉडी को रेस्ट देना पड़ता है, इतना तो सबको पता है." मीही वर्षभर तसंच समजत होते. त्यात एक प्रकारचा दिलासा होता. चूक माझी होती, म्हणजे बरोबर असा एक रस्ता कुठेतरी होता. 

पण इंदूताई त्या रस्त्यानं चालत होती. माझ्या ऑपरेशननंतर दर रविवारी ती लाखोळीची भाजी, कधी कुळथाचं कढण घेऊन यायची आणि तिचं चाललेलं सांगायची. पुढच्या हिवाळ्यात तिनं एकटीनं सराव केला. विश्रांतीचे दोन वार तीन केले. झोप, खाणं, नाडी, सगळं वहीत. तरी अंतर कमी होत गेलं, वेळ वाढत गेला. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात गुडघे सुजू लागले. तिनं ताबडतोब थांबून फोटो काढले. माझ्यासारखं लपवलं नाही. डॉक्टर म्हणाला, गादी झिजली आहे. कशानं? उमर से. आता नका चालू. त्या संध्याकाळी तिचा फोन आला. म्हणाली, "नले, मी सगळं बरोबर केलं होतं वो."

मी शरीराला विश्रांती दिली नाही, ते तुटलं. तिनं दिली, ते झिजलं. फरक पडला तो दोन हिवाळ्यांचा. आता मोबाईलवर रोज कुणीतरी सांगत असतं: वय वाढलं की कष्ट आणि आराम यांचा तोल साधा. साधावा. ज्यांच्याकडे अजून काही आहे त्यांनी साधावा. मला एवढंच कळलंय की तोल साधणाऱ्याचंही जातं. फक्त त्याला जाताना दोष द्यायला स्वतःसुद्धा सापडत नाही.

त्यानंतर आमचं भेटणंही विरळ झालं. भांडण काही नव्हतं. आम्ही समोरासमोर बसायचो, आणि लक्षात यायचं की सव्वीस वर्षांत आम्ही समोरासमोर फार बसलोच नव्हतो. आमची मैत्री बाजूबाजूनं चालण्याची होती. समोर बसल्यावर आमच्याकडे भाज्यांचे भाव आणि दुखणी उरायची. मी कधी त्या खोट्या आकड्यांची माफी मागितली नाही. एकदा विषय काढला तर ती म्हणाली, "सोड ना. आता माई नाडी पंच्याऐंशी अन् तुई किती असन, कोणाले पडली?"

ऑक्टोबरअखेर ती प्लांटमधून रिटायर झाली. क्वार्टर सोडायचं होतं. भंडाऱ्याकडे भावाजवळ जायचं ठरलं. सामान आधीच टेम्पोनं गेलं. गेल्या आठवड्यात मी तिला गाडीत बसवायला स्टेशनवर गेले. तिच्या हातात एक पिशवी आणि काठी, माझ्या हातात तिची दुसरी पिशवी. थंडी नुकतीच सुरू झाली होती, फलाटावर लोक उन्हाचे तुकडे शोधून उभे होते. आम्ही बाकावर बसून बोलत होतो. म्हणजे मी बोलत होते. ती हं हं करत होती. 

गाडी आली ती पलीकडच्या फलाटावर. घोषणा मीच नीट ऐकली नव्हती. लिफ्टपुढे सामानवाल्यांची ही मोठी रांग. मी म्हटलं, "ताई, चल, जिन्यानं." आम्ही उठलो. ती काठी टेकत, मी आखूड पाय ओढत, जिन्याशी पोहोचलो तेव्हा गाडीला थांबून दोन मिनिटं झाली असतील. मी वर बघितलं. तिनंही बघितलं. आमच्या बाजूनं माणसं दोन-दोन पायऱ्या गाळत वर जात होती. आम्ही अकरा पायऱ्या चढलो. मी मोजल्या. मग ती कठड्याला धरून थांबली, आणि तिथूनच आम्हाला गाडी हललेली दिसली.

"गेली," ती म्हणाली.

"मी नीट ऐकलं नाही ताई. माझीच चूक."

"तुई कायची चूक?" तिनं श्वास घेतला. "ऐकलं असतं तरी काय झालं असतं?"

पुढची गाडी दोन तासांनी होती, त्याच पलीकडच्या फलाटावरून. तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली, काठी वरच्या पायरीवर ठेवली आणि म्हणाली, "चल. आतापासून निघू, तं पोहोचू."